दोन नॉर्मल, एक जास्त

माझ्या थोरल्या जाऊबाईंना घरात सगळेच आक्का म्हणतात. मी लग्न होऊन कळंब्याच्या या घरात आले तेव्हा त्यांच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. मुलगी पाचवीत होती, आणि चार म्हशींचा गोठा त्या जवळजवळ एकट्या सांभाळत होत्या. पहाटे पाचला धार, मग शेण, मग वैरण, साडेसहाला दूध डेअरीला. मी उठून चूळ भरेपर्यंत त्यांचं निम्मं काम झालेलं असायचं. पहिल्या आठवड्यात मी लाजून म्हटलं, "आक्का, मलाबी उठवत जावा की." त्या हसल्या. "झोप गं. अजून चार वर्सं झोपून घे, मग हायच."

मला गोठ्याचं काम येत नव्हतं. माझं माहेर मुरगूडचं, वडिलांचं कापडाचं दुकान. मी बी.एस्सी.ची दोन वर्षं केली होती आणि तिसऱ्या वर्षी लग्न ठरलं. त्यामुळे या घरात मी 'शिकलेली सून'. लाइट बिल, बँकेचं पत्र, औषधाची चिठ्ठी, इंग्रजी काहीही आलं की सासूबाई म्हणायच्या, "तिला दाखवा, ती वाचंल." मला ते आवडायचं. धार काढता येत नसली तरी घरात माझी एक जागा होती, आणि ती त्या इंग्रजी कागदांमुळे होती.

आक्का कधी बदलल्या हे मला नेमकं सांगता येत नाही. रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही. माझ्या लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील, आधी त्या गार पाण्याला घाबरायला लागल्या. उन्हाळ्यातसुद्धा सकाळी अंगावर शाल. मग चेहरा भरला, डोळ्यांखाली सूज दिसायला लागली. शेजारच्या बायका म्हणायच्या, "आक्का, अंगानं बऱ्या झालाय की!" त्यावर सासूबाई म्हणायच्या, "व्हय, काम कमी आणि खाणं जास्त."

खरं म्हणजे त्यांचं खाणं कमी झालं होतं. तिखट अजिबात सहन होईना. भाकरीबरोबर चटणीचा गोळा खाणारी बाई भाकरी पाण्यात कालवून खायला लागली. जीभ भाजल्यासारखी होते म्हणायच्या. "कोल्हापुरात जन्मून तिखट लागतंय व्हय तुला," असं थोरले दीर म्हणाले होते आणि आम्ही सगळे हसलो होतो. मीही हसले होते.

एकदा दूध उतू गेलं. मग ते वरचेवर व्हायला लागलं. गॅससमोर उभं राहूनही त्यांच्या लक्षात यायचं नाही. एकदा डेअरीतून येताना रिकामी किटली तिथंच विसरून आल्या, परत गेल्या आणि कशाला आलो हे विसरून पुन्हा तशाच आल्या. त्या दिवशी सासूबाई अंगणात उभ्या राहून शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलल्या. आक्का खाली मान घालून ऐकत राहिल्या. पूर्वी त्या उलट उत्तर द्यायच्या. ते त्यांनी कधीपासून बंद केलं, तेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गोठ्याचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. मी धार काढायला शिकले, पण रागानं. प्रत्येक बादली उचलताना मनात यायचं, या मुद्दाम करताहेत. इतकी वर्षं केलं, आता धाकटीवर टाकायचं ठरवलंय.

त्याच सुमारास देवळाजवळच्या सभागृहात बायकांसाठी मोफत रक्ततपासणीचं शिबिर झालं. आम्ही दोघी गेलो. एका मुलीनं दंडाला रबर बांधून रक्त घेतलं आणि विचारलं, रिपोर्ट कुठं पाठवू? दोघींसाठी मी माझाच नंबर दिला. आक्कांकडे साधा फोन होता.

चार दिवसांनी दुपारी दोन्ही रिपोर्ट माझ्या फोनवर आले. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. हात पुसून आधी माझा उघडला. सगळे आकडे ठरलेल्या हद्दीत होते. मग आक्कांचा. हिमोग्लोबिन कमी, त्यात नवल नव्हतं. खाली थायरॉईडच्या तीन ओळी. टी-थ्री, नॉर्मल. टी-फोर, नॉर्मल, पण अगदी खालच्या काठावर. तिसरी टीएसएच. अठरा. शेजारी ठळक अक्षरात एच, म्हणजे जास्त. हद्द साडेचारच्या आसपास संपत होती. त्याखाली व्हिटॅमिन बी-बारा, एकशे बेचाळीस, शेजारी एल, म्हणजे कमी.

दारात सासूबाई होत्या. पाठीमागं आक्का, भिंतीला टेकून.

"काय आलंय गं?"

"माझं सगळं बरोबर हाय."

"आणि हिचं?"

मी फोनकडेच बघत म्हटलं, "थायरॉईडच्या तीन तपासण्या असतात. दोन नॉर्मल हायत, एक जरा जास्त हाय. रक्त कमी हाय. एक व्हिटॅमिन कमी हाय."

"म्हंजे दवाखान्यात न्यायला पायजे का?"

त्या रविवारी मुरगूडला माझ्या भावाचं लग्न होतं. मी पाच दिवस जाणार होते. आक्कांना दवाखाने सुरू झाले असते तर गोठा कुणी बघितला असता? हे मी तेव्हा असं स्पष्ट मनाशी बोलले नाही. पण ते माझ्या डोक्यात होतं, हे मला आज पक्कं माहीत आहे. आणि दुसरी गोष्ट, टीएसएच जास्त म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. माझा समज असा की थायरॉईड जास्त म्हणजे ती ग्रंथी जास्त काम करतेय. आक्कांकडे बघून तर तसं काहीच वाटत नव्हतं. मग कशाला घाबरायचं? माहीत नाही म्हणाले असते तर चाललं असतं. पण शिकलेल्या सुनेला ते म्हणायचं नव्हतं.

"तसं काय न्हाय," मी म्हटलं. "तीनातल्या दोन नॉर्मल हायत म्हंजे बरंच हाय. व्हिटॅमिन काय, आजकाल सगळ्यांचंच कमी असतंय. रक्तवाढीच्या गोळ्या घेऊ देत."

आक्का वळून गोठ्याकडे गेल्या.

गावातल्या आरोग्यसेविकेनं लोहाच्या गोळ्या दिल्या. मी लग्नाला गेले, पाच दिवस राहिले, मेंदी रंगवून आले. दोन-तीन महिन्यांनी आक्कांचा चेहरा थोडा उजळ दिसायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "बघ, गोळ्यांनी फरक पडला." मलाही तसंच वाटलं. पुढं अंग चोरण्याचा आरोप आणखी पक्का झाला, कारण आता तर रक्तही वाढलं होतं.

चालताना त्या पाय फरफटत न्यायच्या. चपलांचा घासल्यासारखा आवाज यायचा आणि माझं डोकं उठायचं. एकदा मी म्हणालेच, "आक्का, जरा पाय उचलून चाला की. घरभर फरफट चाललीय."

त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं, ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसं. म्हणाल्या, "चप्पल कवा निसटती ते कळत न्हाय गं. मागं वळून बघावं तवा दिसती, ती तिकडं पडल्याली."

"लक्ष नसतंय तुमचं."

"आसंल," त्या म्हणाल्या.

त्या न्हाणीघरात दोनदा पडल्या, दोन्ही वेळा तोंड धुताना. आम्ही फरशीला दोष दिला आणि खाली पोतं टाकलं.

आक्कांची मुलगी बारावीनंतर वारणानगरला हॉस्टेलवर राहून शिकत होती. त्या वर्षी परीक्षा आणि कसला तरी प्रोजेक्ट असल्यामुळे ती चार-पाच महिने घरी आली नव्हती. फोनवर ती म्हणायची, आई, तुझा आवाज असा घोगरा का येतोय? आक्का म्हणायच्या, सर्दी. सुट्टीला घरी आली त्या दिवशी ती दारात उभी राहिली आणि आईकडे बघतच राहिली. आम्ही रोज बघत होतो ते तिला एकदम दिसलं. भुवयांचे विरळ झालेले केस, सुजलेला चेहरा, हाक मारल्यावर जरा वेळानं वळणारी मान.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का आंघोळ करून आल्या आणि चुलीपाशी केस पुसत बसल्या. मुलगी चहा घेऊन आली आणि तिच्या हातातला कप हिंदकळला.

"आई, पाय भाजलाय तुझा!"

"कुठं?"

उजव्या पावलावर, बोटांपासून घोट्यापर्यंत, कातडी लाल होऊन फोड आले होते. बंबातलं कढत पाणी गार विसण न घालताच पायावर घेतलं होतं त्यांनी. आक्का खाली वाकून बघत होत्या. चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती, नुसती शरम होती, पुन्हा काहीतरी चुकलं अशी.

"दुखत न्हाय का तुला?"

"न्हाय की," त्या म्हणाल्या. "लई दिवस झालं, पायाला काय कळतच न्हाय. हातालाबी मुंग्या येत्यात."

मुलीनं तडक रिक्षा बोलावली. थोरले दीर म्हणाले, संध्याकाळी जाऊ, तर ती म्हणाली, "तुम्ही येऊ नका, मी नेते." शेवटी तेही आले आणि मीही गेले. इंग्रजी वाचायला म्हणून, सवयीनं, मला घेतलं.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी भाजलेल्या पायाला मलमपट्टी करायला लावली आणि मग बराच वेळ आक्कांना तपासलं. जीभ बाहेर काढायला सांगितली. ती गुळगुळीत, लालभडक होती. एक लोखंडी चिमट्यासारखं साधन टेबलावर आपटून, ते घुमत असताना आक्कांच्या मनगटावर ठेवलं.

"काय जाणवतंय?"

"घुमतंय."

मग पायाच्या अंगठ्यावर ठेवलं.

"आता?"

"कायच न्हाय. गार हाय नुसतं."

मग पाय जुळवून उभं राहायला सांगितलं. राहिल्या. "आता डोळे मिटा." डोळे मिटताच आक्का एका बाजूला कलंडल्या आणि डॉक्टरांनी त्यांना धरलं. तोंड धुताना का पडत होत्या ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. पाय कुठं आहेत हे पायांना कळत नव्हतं. डोळे उघडे असेपर्यंतच त्यांचा तोल होता.

रक्त घेतलं. दोन दिवसांनी पुन्हा गेलो. टीएसएच सत्त्याहत्तर. टी-फोर आता हद्दीच्या पुष्कळ खाली. बी-बारा शंभरच्याही खाली.

थोरले दीर म्हणाले, "म्हंजे थायरॉईड लई वाढलाय."

"नाही, उलटं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "गळ्यातली ही ग्रंथी कामाला कमी पडायला लागली की मेंदू तिला ढोसतो. चल, काम कर. टीएसएच म्हणजे ते ढोसणं. हा आकडा मोठा म्हणजे ग्रंथी जास्त काम करतेय असं नव्हे. ती करत नाही म्हणून ढोसणं वाढलंय."

मी विचारलं, "आणि टी-थ्री, टी-फोर नॉर्मल असले तर?"

"सुरुवातीला असतात. ढोसण्यामुळं ग्रंथी कसंबसं भागवते, म्हणून ते दोन नॉर्मल दिसतात. म्हणून तर आधी टीएसएच बघायचा. तो चढला की समजायचं, ही थकत चाललीय." मग आक्कांकडे वळून त्यांनी विचारलं, "दूध पिता का?"

"चार म्हशी हायत," दीर म्हणाले.

"मी यांना विचारतेय."

"च्यात असतंय तेवढं," आक्का म्हणाल्या. "बाकी डेअरीला जातंय."

आमचं घर लिंगायत. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. हे व्हिटॅमिन शाकाहारी माणसाला दुधातूनच काय ते मिळतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण एवढं कमी होण्याचं कारण नुसतं दूध नसावं, असंही म्हणाल्या. थायरॉईडचा असा त्रास असणाऱ्या काहींच्या पोटात ते शोषलंच जात नाही. म्हणून गोळ्यांऐवजी इंजेक्शनं. मग त्यांनी आधीच्या औषधांची चौकशी केली. लोहाच्या गोळ्यांचं पाकीट बघून त्या थांबल्या. "यात फॉलिक ॲसिड असतं. यानं रक्त सुधारलेलं दिसतं, पण बी-बारा नसेल तर नसा आतल्या आत खराब होत राहतात. आधी कधी रक्त तपासलं होतं? जुना रिपोर्ट आहे?"

दीर माझ्याकडे बघून म्हणाले, "मागं त्या शिबिरात तपासलं हुतं की. तुझ्याकडं आलता न्हवं?"

फोन माझ्या पर्समध्ये होता, पर्स मांडीवर होती.

"गेला तो," मी म्हटलं. "फोन बदलला तवा."

डॉक्टर म्हणाल्या, "असू दे. वर्षभर आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच." त्या कुणाला दोष देत नव्हत्या, चिठ्ठी लिहिता लिहिता बोलत होत्या. मी पर्सची चेन ओढून लावली. आक्का समोरच्या भिंतीवरच्या चित्रात माणसाच्या अंगातल्या नसा बघत होत्या.

इंजेक्शनं सुरू झाली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, त्यानंतर तासभर चहासुद्धा नाही आणि लोहाची गोळी चार तास लांब. सासूबाईंना ते पटेना. "च्या न घेता बाई कामाला लागणार कशी?" पहिला महिना गोळी आणि चहा एकदमच होत होतं, हे मला उशिरा कळलं. मग मी गोळी माझ्या ताब्यात घेतली. पाचला उठून पाणी घेऊन आक्कांच्या उशाशी जायची, गोळी गिळेपर्यंत थांबायची. सासूबाई एकदा कौतुकानं म्हणाल्या, "जावेचं करावं तर हिनं." मला तिथून पळून जावंसं वाटलं.

आक्का सुधारल्या. चेहऱ्याची सूज उतरली, आवाज बराचसा मूळचा झाला, जीभ भरून आली. गोष्टी लक्षात राहायला लागल्या. आठ महिन्यांनी रिपोर्ट आला तो एकही ठळक अक्षर नसलेला. टीएसएच तीन. बी-बारा हद्दीत. थोरल्या दिरांनी पेढे आणले.

पण पाय आले नाहीत. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की नसांचं नुकसान फार दिवसांचं असलं तर सगळं परत येत नाही. हाताच्या मुंग्या गेल्या, पावलं तशीच बधिर राहिली. भिंत धरून चालणं, न्हाणीघरात स्टूल, पायाला पाणी घेण्याआधी हातानं बघणं. गोठ्यात जायचं नाही, म्हैस पायावर उभी राहिली तरी कळणार नाही. सगळे आकडे बरोबर आणि बाई भिंतीला धरून. सासूबाईंना हे कळतच नव्हतं. "कागदावर बरी हाय म्हणत्यात, मग चालत का न्हाय?"

पेढ्यांनंतर आठवडाभरानं, दुपारी, आम्ही दोघी सोप्यात चिंचा फोडत बसलो होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी एकदम बोलले. शिबिराचा रिपोर्ट गेलेला नाही, माझ्याकडेच आहे, असं सांगितलं. तेव्हा टीएसएच अठरा होता. व्हिटॅमिनही तेव्हाच कमी दाखवलं होतं. मला त्याचा अर्थ कळला नव्हता आणि मी कळल्यासारखं सांगितलं. मुरगूडचं लग्न होतं हेही सांगितलं.

आक्कांचा हात थांबला नाही. चिंचोके एका बाजूला, गर एका बाजूला. मी रडत होते आणि त्या चिंचा फोडत होत्या.

आणखी दोन चिंचा फोडून म्हणाल्या, "तवा आठरा हुतं?"

"व्हय."

"आणि दवाखान्यात गेलो तवा?"

"सत्त्याहत्तर."

त्यांनी हातातला चिंचोका बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "लगीन बरं झालं न्हवं तुझ्या भावाचं?"

तो टोमणा होता की त्या खरंच विचारत होत्या, मला आजवर कळलेलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळलं नाही. मी "व्हय" म्हटलं. त्यांनी चिंचेचं ताट माझ्याकडं सरकवलं, भिंतीला हात लावून उठल्या आणि आत गेल्या.

त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. माझ्याशी भांडल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी घेऊन गेले तेव्हा त्या उठून बसल्या होत्या. गोळी घेऊन झाली होती, डबी त्यांच्या उशाखाली होती. "उद्यापासनं येऊ नको," त्या म्हणाल्या. "माझं मी घेतो." मी तांब्या तसाच परत आणला.

त्याला आता दोन वर्षं झाली. धार मी काढते. आक्का बसून होईल तेवढं सगळं करतात, भाज्या निवडतात, भाकऱ्या थापतात. सासूबाई थकल्यात आणि त्यांची जीभही थकलीय. आमच्या दोघींत रोजचं बोलणं आहे, मीठ घातलं का, दूध किती भरलं. त्यापलीकडे काही नाही. मी एकदा क्षमा मागायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "गप्प बस. धारेची वेळ झालीय."

रिपोर्ट आता मुलीच्या फोनवर येतो. ती छापून आणते आणि आईच्या हातात देते. तिनं आईला एका वहीत मोठ्या अक्षरांत टी, एस, एच, बी लिहून दिलंय, समोर हद्द आणि त्याचा अर्थ मराठीत. दर खेपेला आक्का चष्मा लावतात, वही शेजारी ठेवतात आणि कागदावर बोट ठेवून एकेक ओळ ताडून बघतात. पंधरा-वीस मिनिटं लागतात. मी समोर असले तरी त्या मला विचारत नाहीत.

गेल्या महिन्यात टीएसएच थोडा चढला होता, सहाच्या वर. मला तो कागद लांबूनच दिसला, ठळक एच दिसला. मी तोंड उघडणार होते. आक्कांचं बोट त्या ओळीपाशी आलं, थांबलं, वहीकडे गेलं, परत आलं.

"डाक्टरकडं जायला पायजे," त्या मुलीला म्हणाल्या. "ढोसणं वाढलंय."

मुलीनं फोन लावला आणि दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. मी गेले नव्हते, कुणी बोलावलं नव्हतं.